शूलपाणीच्या झाडीतील एक दिवस

उन्हाळ्याच्या दिवसांत डोंगराळ मुलखातून लांबची पदयात्रा करावयाची म्हटली की, निघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो अंतराचा. आज किती किलोमीटर झाले आणि उद्या किती व्हावयास हवेत, याचाच हिशेब प्रत्येक मुक्कामी मांडला जातो. सपाट प्रदेशात व थंडीच्या ऋतूत हा हिशेब पुरतो. परंतु तापलेल्या व कोरड्या डोंगरात प्रथम पाहावयाचे असते ते पाणी कोठे आहे आणि सावली कोठे आहे. अंतराचा विचार त्यानंतर करावयाचा. ही साधी गोष्ट प्रस्तुत लेखकास मार्च २०२२ मध्ये नर्मदा परिक्रमेच्या वाटेवर एका दिवसात शिकावी लागली. त्या दिवसाची हकिकत व तिच्या अनुषंगाने काही उपयुक्त माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत.

नर्मदा परिक्रमा मराठी माणसास अपरिचित नाही. गो. नी. दांडेकर यांनी स्वतः ती वाट तुडविली होती व त्यांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या पुस्तकाने ती मराठी घराघरांत पोचविली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबे स्वामी, यांची समाधी गुजरातेत नर्मदातीरी गरुडेश्वर येथे आहे. ते १९१४ साली तेथे समाधिस्थ झाले. गोवा, बेळगाव, बडोदे, इंदूर येथील अनेक मराठी कुटुंबांतून कोणी ना कोणी परिक्रमेस गेलेले आढळते. ज्यांना सलग रजा मिळत नाही, असे नोकरदार व शिक्षक दर खेपेस थोडा थोडा टप्पा चालून ‘खंड परिक्रमा’ करतात. आम्हीही तशाच प्रकारे निघालो होतो.

प्रदेश आणि वाट

अमरकंटक येथे उगम पावणारी नर्मदा १३१२ किलोमीटर वाहत जाऊन भरुचच्या पलीकडे खंबातच्या आखातास मिळते. परिक्रमावासी नदी सतत उजव्या हातास ठेवून चालतो व तिचे पात्र कोठेही ओलांडीत नाही. परिक्रमेचा परंपरागत काळ तीन वर्षे, तीन महिने व तेरा दिवस असा सांगितला जातो. चातुर्मासात एका ठिकाणी मुक्काम करावयाचा असतो.

दक्षिण तीरावर मध्य प्रदेशातील बडवानी सोडल्यानंतर सातपुड्याचा जो दुर्गम भाग लागतो, त्यास शूलपाणीची झाडी म्हणतात. बावनगजा, पाटी, बोकराटा अशी गावे घेत वाट पुढे महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यात शिरते व तेथून गुजरातेत उतरते. पूर्वी परिक्रमेची वाट नदीकाठाला बरीच धरून होती. सरदार सरोवर धरण १७ सप्टेंबर २०१७ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आले. त्याची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर आहे. जलाशयाचा फुगवटा बडवानीच्याही वर पोचला असून शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर व काठाकाठाची पायवाट पाण्याखाली गेली आहे. त्यामुळे आजची वाट उंचावरून, एकामागून एक डोंगरसोंडा ओलांडीत जाते. खाली दूरवर अथांग पाणी चमकताना दिसते आणि वर चालणाऱ्याची बाटली मात्र कोरडी असते.

हा डोंगर काळ्या कातळाचा आहे. पावसाचे पाणी त्यावरून झपाट्याने वाहून जाते. ओढे शिमग्याच्या सुमारासच आटू लागतात. रानात साग पुष्कळ, परंतु ऊन वाढू लागते नेमक्या त्याच वेळी सागाची पाने झडून जातात. पळस फुलांनी पेटलेला दिसतो, मात्र त्याच्या फांद्यांवर तेव्हा पान नसते. म्हणजे नकाशावर जेथे जंगल दाखविलेले आहे, तेथेही सावली मिळेलच असे नाही. आंबा, जांभूळ, वड असे सावलीचे वृक्ष बहुधा ओढ्याच्या काठी किंवा वस्तीजवळ आढळतात. ही खूण यात्रेकरूने पक्की लक्षात ठेवावी.

पहाटेचा प्रहर

आम्ही तिघे होतो. एका माध्यमिक शाळेतील शिक्षक, ज्यांना आम्ही मास्तर म्हणत असू, भूमापन खात्यातून निवृत्त झालेले अण्णा, आणि मी. होळी होऊन आठवडा लोटला होता. २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला, हे आम्हास नंतर कळले. त्या वेळी एवढेच जाणवत होते की, सकाळी नऊ वाजताच कातळावर हात ठेववत नाही.

त्या दिवशीचा टप्पा सुमारे १६ किलोमीटरांचा व एकंदर चढ ६०० मीटरच्या आसपास होता. अशा चालीस किती वेळ लागेल याचा एक जुना आडाखा आहे. नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. दर पाच किलोमीटरांस एक तास, आणि दर ६०० मीटर चढास आणखी एक तास. त्या हिशेबाने आमच्या टप्प्यास सव्वाचार तास पुरावेत. परंतु पाठीवर ओझे, पायाखाली सुटे दगड व डोक्यावर ऊन असताना त्यात निम्मी भर घालावी, असा अण्णांचा अनुभव. म्हणजे सव्वासहा तास झाले.

मार्चअखेर त्या भागात सहाच्या सुमारास फटफटते व साडेसहाच्या आगेमागे सूर्य उगवतो. सहाला निघून अकरापर्यंत चालावे, मग थांबावे, आणि उरलेली वाट चारनंतर पुरी करावी, हा शहाणपणाचा क्रम. पाड्यावरची माणसे हाच क्रम पाळतात. त्या दिवसांत मोहाची फुले गळतात व ती वेचण्यास बायकामुले उजाडण्यापूर्वीच झाडाखाली हजर असतात. ऊन चढेपर्यंत त्यांची टोपली भरून घरी पोचलेली असते. आम्ही मात्र चहा, पूजा आणि सामानाची आवराआवर यांत गुंतलो व निघालो तेव्हा आठ वाजले होते. त्या दिवसाची पहिली चूक ती.

पाण्याचा हिशेब

आम्हा प्रत्येकाजवळ दोन लिटर पाणी होते. ते पुरेसे आहे असे आम्हास का वाटले, हे समजून घेण्यासारखे आहे.

चालताना स्नायूंत उष्णता उत्पन्न होते व शरीर ती बाहेर टाकते. हवा थंड असेल तर बरीच उष्णता कातडीवाटे परस्पर हवेत जाते. हवेचे तापमान ३५ अंशांच्या वर गेले की हा मार्ग बंद होतो. हवाच शरीरास तापवू लागते. मग एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अशा उन्हात ओझे घेऊन चढणाऱ्याचा तासाला पाऊण ते एक लिटर घाम सहज जातो.

आपल्या गोव्यात हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही, अंगावरून ओघळतो. सदरा भिजला की माणूस आपण होऊन पाणी मागतो. निमाडच्या कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो. सदरा कोरडाच राहतो व त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या उमटतात. समुद्रकाठचा माणूस त्यामुळे फसतो. ‘आज घाम फारसा येत नाही’ असे तो म्हणतो, तेव्हाही शरीरातील पाणी घटतच असते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या शरीरातून सव्वा लिटर पाणी कमी झाले, तरी त्याची चाल मंदावते. तहानेची तीव्र जाणीव बहुधा त्याच सुमारास होते, म्हणजे उशिराच. म्हणून तहानेची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे. एकदम ढसाढसा पिऊ नये. तासाला दीड लिटरपेक्षा अधिक तर मुळीच नको, कारण नुसतेच पाणी फार झाले तर रक्तातील मिठाचे प्रमाण घटते व त्यानेही माणूस अत्यवस्थ होतो.

घामाबरोबर मीठ जाते, ते भरून काढलेच पाहिजे. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घातले की जीवनरक्षक पेय तयार होते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या द्रावणाच्या साहाय्याने कॉलऱ्याच्या असंख्य रोग्यांस वाचविले होते. मीठ घातलेले आमसुलाचे सरबत, ताक, गूळ-शेंगदाणे हेही वाटेत उपयोगी पडतात. पाण्याचे वजन लिटरला एक किलो भरते, म्हणून ते कमी घेण्याचा मोह होतो. ओझे कमी करावयाचे असेल तर कपडे कमी करावेत.

उतार आणि चढ

साधा डोंगर चढावयाचा असेल तर कष्टाचा भाग सकाळी येतो व परतताना उतार लागतो. दरीच्या प्रदेशात क्रम उलटा होतो. मुक्काम बहुधा डोंगराच्या सोंडेवर असतो. सकाळच्या गारव्यात वाट दरीत उतरते, पाय झपाझप पडतात, आणि माणसास आपल्या शक्तीविषयी भलताच विश्वास वाटू लागतो. दरीच्या तळाशी वारा नसतो. दोन्हीकडचे कातळ तापून उष्णता फेकू लागतात. नेमका त्याच वेळी समोर चढ उभा राहतो.

अकराच्या सुमारास आम्ही अशाच एका कोरड्या ओढ्यात उतरलो. काठी जांभळीचे दाट झाड होते. वाळूत एके ठिकाणी काट्याच्या फांद्या रचून ठेवलेल्या दिसल्या. त्या कशासाठी असाव्यात, याचा आम्ही विचारही केला नाही. अण्णा पाठीवरची पिशवी उतरवीत म्हणाले, “मास्तर, सावली मिळाली आहे, आता येथेच थांबूया.”

“अजून अकराच वाजताहेत. पुढचा पाडा चार किलोमीटरांवर आहे. वर जाऊन निवांत जेवू,” मास्तर उत्तरले. निघण्यास झालेला उशीर त्यांस भरून काढावयाचा होता. मी त्यांचीच बाजू घेतली. आमच्या बाटल्यांत मिळून दीड लिटर पाणी शिल्लक असेल.

बारा वाजले की ऊन उतरणीस लागते, अशी आपली समजूत असते. बडवानीच्या मुलखात मार्चअखेर सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर. हवा तर त्यानंतरही दोन-तीन तास तापतच राहते. अकरा ते चार हा काळ वाटचालीचा नव्हेच. त्या पाच तासांत झाडाखाली पडून राहणाऱ्याने वेळ दवडला असे कोणी समजू नये.

उष्माघात : ओळख व उपाय

चढावर मास्तर प्रथम आमच्या पुढे होते, मग मागे पडले. एकच्या सुमारास माथा जवळ आला तेव्हा मी त्यांस पाण्याविषयी विचारले. ते म्हणाले, “मुलांना सांगा, घंटा झाली.” मला वाटले ते थट्टा करीत आहेत. अण्णांनी मात्र त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले व त्यांचा दंड धरला. पावले वाकडीतिकडी पडत होती. अंग भट्टीसारखे तापले होते; कपाळ मात्र ओलेच होते.

येथे प्रत्येक वाचकाने दोन अवस्थांमधील भेद ध्यानात घ्यावा. उन्हाने थकवा येतो तेव्हा डोके दुखते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात, पुष्कळ घाम येतो. परंतु माणूस शुद्धीवर असतो व नीट बोलतो. त्यास सावलीत निजवून मीठ-साखरेचे पाणी घोट घोट दिले असता बहुधा आराम पडतो. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. असंबद्ध बोलणे, चिडणे, तोल जाणे, झटके येणे, शुद्ध हरपणे ही त्याची लक्षणे होत. उष्माघातात अंग कोरडेच असते, अशी समजूत आहे. परंतु श्रम करीत असताना उष्माघात झालेल्या माणसाचे अंग घामाने ओले असू शकते. म्हणून कातडीवर भरवसा न ठेवता बोलण्याकडे लक्ष द्यावे. बोलणे बिघडले की तो उष्माघात समजावा.

अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते. रोग्यास सावलीत न्यावे, घट्ट कपडे काढावेत, सर्वांगावर पाणी ओतावे व जोराने वारा घालावा. मान, काखा व जांघा यांवर ओली फडकी ठेवावीत. पूर्ण शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. तापाच्या गोळ्यांचा येथे उपयोग नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, परंतु ती येईपर्यंत अंग थंड करण्याचे काम थांबवू नये.

सुदैवाने माथ्यावर एक झोपडी होती. भिल्ल समाजाची घरे एकमेकांस लागून नसतात. प्रत्येक घर आपापल्या टेकाडावर, आपल्या शेतात असते. मुख्य पाड्याच्या अलीकडचे ते घर आम्हास लाभले. आम्ही मास्तरांस ओसरीच्या सावलीत निजविले. घरातील बाईने काही न विचारता दोन हंडे बाहेर आणले व अण्णांच्या सांगण्याप्रमाणे ते मास्तरांच्या अंगावर रिकामे केले. तिचा मुलगा सुपाने वारा घालू लागला. आमच्या फोनला तेथे संपर्क मिळत नव्हता. एक तरुण धावत टेकडीच्या टोकावर गेला व तेथून त्याने १०८ ला कळविले. अर्ध्या तासाने मास्तरांनी अण्णांना नावाने हाक मारली. तेव्हा मला रडू आवरले नाही.

पक्की सडक तेथून दीड-दोन किलोमीटरांवर होती. पाड्यावरील चौघांनी मास्तरांस खाटेवर घालून तेथवर नेले. अण्णा रुग्णवाहिकेतून त्यांच्यासोबत गेले. अंग वेळीच थंड केले म्हणून निभावले, असे रुग्णालयातील डॉक्टरांनी त्यांस सांगितले. चौथ्या दिवशी मास्तर आमच्यासमवेत आगगाडीने परतले. ते आज सुखरूप आहेत व हा लेख त्यांच्याच संमतीने लिहिला आहे.

पाण्याची खेप

मी सामान घेऊन त्या घरीच राहिलो होतो. साडेचार वाजता ती बाई रिकामे हंडे घेऊन निघाली. दुपारच्या धावपळीत मला सुचले नव्हते, ते तेव्हा ध्यानात आले. घराजवळ हातपंप नव्हता, विहीर नव्हती. मी तिला विचारले, “पाणी कोठून आणता?” तिने हसून खाली दरीकडे बोट दाखविले. एक हंडा मागून घेऊन मी तिच्यामागे चालू लागलो.

ती पायवाट आमच्या वाटेपेक्षा उभी व जवळची होती. पंचवीस मिनिटांत आम्ही ओढ्यात पोचलो. ती त्याच जांभळीखाली थांबली. वाळूतील काट्याच्या फांद्या तिने बाजूला केल्या. खाली हातभर खोल झिरा होता. गुरांनी तोंड घालू नये म्हणून झाकून ठेवलेला. तळाशी थोडे, परंतु स्वच्छ पाणी होते. वाटीवाटीने ते भरावयाचे, संपले की पुन्हा पाझरेपर्यंत थांबावयाचे. दोन हंडे भरण्यास अर्धा तास लागला. नंतर तो चढ, डोक्यावर हंडा घेऊन. मला तीन ठिकाणी थांबावे लागले. तिला एकदाही नाही.

अकरा वाजता आम्ही ज्या झऱ्याजवळ बसलो होतो, तेथेच चार वाजेपर्यंत थांबलो असतो तर मास्तरांस काही झाले नसते. आम्ही थांबलो नाही. म्हणून तेच पाणी एका बाईने डोक्यावरून वर आणलेले असावे लागले, आणि आमच्या चुकीपायी तिला त्या दिवशी दुसरी खेप करावी लागली. मी पैसे देऊ केले तेव्हा तिने हात जोडून “नर्मदे हर” म्हटले व चुलीकडे वळली.

परिक्रमेचे जुने नियम पाहिले तर असे दिसते की, त्यांत या साऱ्याचा विचार आधीच झालेला आहे. सूर्यास्तानंतर चालू नये, संग्रह करू नये, मिळेल तेथे नम्रपणे मागावे, चातुर्मासात थांबावे. हे नियम धर्माचे म्हणून पाळले जातात. ते शरीराचे व प्रदेशाचेही आहेत. त्यांत आजच्या माहितीची जोड देऊन पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. उन्हाळी वाटेवर उजाडताच निघावे. आदल्या रात्रीच मुक्कामावरील माणसांस पुढचे पाणी कोठे आहे, आटले आहे की नाही, हे विचारून घ्यावे. माणशी चार ते पाच लिटर पाणी जवळ असावे किंवा ते वाटेत भरण्याची ठिकाणे निश्चित ठाऊक असावीत. अकरा वाजता सावली सापडेल तेथे थांबावे. चालण्याचा वेग सोबत्यांतील सर्वांत मंद माणसाने ठरवावा. कोणी थांबूया म्हटले तर त्यावर वाद घालू नये.

शाळेच्या सहली डोंगरात नेणाऱ्या शिक्षकबंधूंस व भगिनींस हे नियम तितकेच लागू आहेत. मुले तहान लागली तरी खेळण्याच्या नादात सांगत नाहीत. त्यांस ठरावीक वेळाने पाणी पाजणे हे शिक्षकाचे काम आहे.

शेवटी एक विनंती. अशा मुलखात कोणाच्या दारी पाणी मागाल तेव्हा ते कोठून आले आहे हे अवश्य विचारा. पिण्यापुरतेच घ्या. हात-पाय धुणे व स्नान ओढ्याकाठी किंवा हातपंपावर उरका. आणि मुक्कामी संध्याकाळी अंगात त्राण असेल, तर घरातील रिकामा हंडा उचलून आपल्या वाटची एक खेप आपण करा.